अमळनेरच्या मेसवाल्या मावशींना, रविवारी रात्री पुन्हा पेटवलेल्या गॅसबद्दल

मावशी, नमस्कार.

मोबाईलवर तुम्ही फक्त फोन घेता आणि भजनं ऐकता हे तुम्हीच सांगितलंत, तरी हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुमच्या मेसमधलं कुणीतरी पोरगं वाचेल आणि रात्री जेवताना तुम्हाला वाचून दाखवेल याची मला खात्री आहे. फोनवर थँक्यू म्हणून झालंय माझं. तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणालात आणि लगेच "तुमच्या आईंना द्या फोन" म्हणालात, मग पुढचा पाऊण तास फोन आईंकडेच होता. म्हणून आता नीट सगळं लिहितेय.

आम्ही त्या रविवारी नाशिकहून निघालो ते खरं तर आईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. मामंजी गेल्यापासून दीड वर्षात त्या कुठे म्हणून गेल्या नव्हत्या. जेवायच्या, टीव्हीसमोर बसायच्या, विचारलं तर "हो" नाहीतर "नको". नवऱ्याचं म्हणणं सापुताऱ्याला जाऊ, हवा चांगली आहे, लेकीलाही मजा येईल, तर आई पहिल्यांदाच म्हणाल्या, मला अमळनेरला न्या. त्यांचं माहेर पारोळा तालुक्यातलं, पण तिथे आता कुणी उरलेलं नाही, घरही विकलं गेलं. मी नेटवर अमळनेर बघितलं, कॉलेज, मंदिर, नदी, एवढंच दिसलं, म्हटलं दोन दिवस शांत तरी जातील. नवऱ्याने लॉजच्या दोन रूम बुक केल्या, लेकीची शाळेत रजा टाकली आणि निघालो. धुळ्यापर्यंत एक एसटी, तिथून अमळनेरची दुसरी, आम्हा बायकांना अर्धं तिकीट.

पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. आणि लॉजवर कळलं की आमच्या रूम एका लग्नाच्या वऱ्हाडाला दिल्यात. बुकिंगचा मेसेज दाखवला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला पैसे परत येतील, आणि वळला पण. अजून दोन ठिकाणी विचारलं, लग्नाची दाट तिथ, सगळं फुल्ल. जानेवारीची थंडी, आई बॅगेवर बसलेल्या, लेकीला झोप आलेली, नवरा फोनवर फोन लावतोय. मला रडूच यायचं बाकी होतं. तेव्हा तो रिक्षावाला दादा म्हणाला, ताई, मेसवाल्या मावशींकडे विचारू का, त्यांची वरची खोली रिकामी असते कधीकधी. त्या दादाचेही आभार मानायचेत, त्याने लॉजचे तीन हेलपाटे करून शेवटी एका फेरीचेच पैसे घेतले.

तुमच्या दारावर तर पाटी होती, रविवारी संध्याकाळी मेस बंद. भांडी घासून पालथी घातलेली, तुम्ही पायाला तेल चोळत बसला होतात. मी बोलायला लागले, बुकिंग, लॉज, वऱ्हाड, सगळं एका दमात, आणि तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात, तुम्ही आईंकडे बघत होतात. मला मधेच थांबवून तुम्ही त्यांना विचारलंत, "जेवनात का?"

आणि आई म्हणाल्या, "नही ना माय."

मावशी, तुम्हाला ते साधं वाटलं असेल, पण बारा वर्षं झाली मला या घरात येऊन, मी आईंच्या तोंडून अहिराणीचं एक वाक्य ऐकलेलं नव्हतं. लग्न होऊन नाशिकला आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांना कुणीतरी हसलं होतं, नळावर, "आहे"ला "शे" म्हणाल्या म्हणून. तेव्हापासून त्यांनी ती बोली बंद केली, मुलांशीपण नाही बोलल्या. हे मला त्यांनी तुमच्या ओट्यावर सांगितलं, दुसऱ्या दिवशी, घरी कधीच नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा माहिती नव्हतं.

तुम्ही गॅस पुन्हा पेटवलात. दहा मिनिटांत शेवभाजीचा रस्सा उकळायला लागला, लेकीला तिखट चालणार नाही म्हणून तिच्यासाठी वेगळं वरण, गरम पोळ्या, आणि वरच्या खोलीत कॉटवर धुतलेल्या चादरी. परीक्षा संपून दोन पोरी गावी गेल्या होत्या, त्यांची ती खोली. तुम्ही त्यांना फोन करून विचारलंत, "पाहुण्यांना झोपू देऊ का तुमच्या खोलीत?" रात्री साडेनऊला! स्वतःच्याच घरातली खोली, तरी पोरींना विचारल्याशिवाय उघडली नाहीत, हे मी विसरणार नाही.

आईंच्या बीपीच्या गोळ्या नाशिकलाच राहिल्या होत्या, हे मला झोपताना कळलं. तुम्ही खालून एका पोराला हाक मारलीत, त्याने जुन्या चिठ्ठीचा फोटो माझ्या मोबाईलवरून स्वतःच्या मोबाईलवर घेतला आणि सायकलवर गेला. बारावीनंतर इथे शिकायला आलेला मुलगा, चोपड्याकडचा, नाव लिहीत नाही, पण बाळा तू वाचत असशील तर तुलाही खूप खूप थँक्यू. पावतीवरचे सुटे पैसेसुद्धा मोजून परत दिलेस.

सोमवारी सकाळी मी खाली आले तर तुम्ही वही उघडून बसला होतात, पोरांच्या खाड्यांची. कोण किती वेळ जेवला नाही ते त्यात. एका नावापुढे पेन्सिलने काहीतरी खूण होती, मी विचारलं तर म्हणालात, याच्या घरी कापूस अजून विकला गेला नाही, याचे पैसे मार्चमध्ये घ्यायचे. अशा किती खुणा होत्या मी मोजल्या नाहीत, पण एका पानावर बऱ्याच होत्या.

मग तुम्ही मेसच्या पोरांना कामाला लावलंत की पाहुण्यांना गाव दाखवा. त्यांनी काय मनापासून दाखवलं! प्रताप कॉलेजचा तो परिसर, १९४५ चं कॉलेज, खेड्यापाड्यातून एसटीने येणारी पोरंपोरी, आणि ते मैदान जिथे फेब्रुवारी २०२४ ला ९७ वं साहित्य संमेलन झालं. आधीचं इथलं संमेलन १९५२ चं, म्हणजे ७२ वर्षांनी पुन्हा, हे सांगताना तो चोपड्याचा मुलगा असा फुललेला की जणू त्याच्याच घरचं कार्य. तुम्ही सांगितलंत त्या तीन दिवसांत तुमच्याकडेही रोज जास्तीची पानं उठली आणि एक म्हातारे कवी पिठलं मागून घ्यायचे. माझ्या नवऱ्याला मात्र विप्रोचंच वेड लागलं. तो कंप्युटरमध्ये आहे ना. त्याच १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना इथे काढला आणि त्यातनं पुढे ती एवढी मोठी कंपनी झाली हे त्याला माहीत होतं, पण प्रत्यक्ष त्या गावात उभं राहणं वेगळं, फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकले त्याने.

तत्त्वज्ञान मंदिरात आम्ही दुपारी गेलो. १९१६ ला प्रताप शेठजींनी उभं केलेलं, अद्वैताचा अभ्यास व्हावा म्हणून. गिरणी चालवणाऱ्या माणसाला तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था काढावीशी वाटली, मला हे फार मोठं वाटतं. साने गुरुजी आधी इथेच शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० शाळेत शिकवलं, वसतिगृह सांभाळलं, पोरांसाठी हाताने लिहून अंक काढायचे, त्यांच्या खोल्या झाडायचे, आजारी पोरांजवळ बसायचे. मग मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. लेक शाळेत साने गुरुजींवर भाषण करते दरवर्षी २४ डिसेंबरला, ती तिथे एकदम गप्प झाली आणि हळूच म्हणाली, आई, म्हणजे मेसवाल्या आजीसारखे? मी हो म्हटलं. मला तेव्हा दुसरं काही सुचलंही नाही आणि आजही ते उत्तर बरोबरच वाटतं.

आणि संध्याकाळी बोरीकाठी. पाणी अगदी थोडं होतं, पात्रात दगड आणि वाळूच जास्त. मी आपली म्हणाले, नदी कोरडीच आहे की हो. आई म्हणाल्या, वर तामसवाडीला धरण आहे, ही आमचीच नदी, आमच्याकडूनच येते ही. मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते दिवे लागले तरी संपेना. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा, याच पात्रात दुकानं लागायची, बैलगाडीत खाली चारा आणि वर पोरं, एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी, रथाचा दोर धरायला वडलांनी त्यांना खांद्यावर घेतलेलं, बांगड्या घेतल्या त्या घरी पोचेपर्यंत फुटल्या म्हणून रडणं. अर्धं मराठीत अर्धं अहिराणीत. तुम्ही मधे मधे "हा", "मंग?" करत होतात. मावशी, तुमची संध्याकाळच्या पोळ्यांची वेळ टळत होती, मला दिसत होतं, तुम्ही घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाहीत. नंतर कळलं की त्या रात्री पोरांनी स्वतःच कणीक मळली.

मंगळवारी पहाटे मंगळग्रह मंदिरात गेलो, तुम्ही सांगितलं होतं लवकर जा, मंगळवारची गर्दी असते, तसंच होतं, बाहेरगावच्या गाड्यांची रांग, लग्न जमत नाही म्हणून अभिषेकाला आलेले लोक, शेतकरी. दर्शन छान झालं. पण माझ्या मनात मंगळवार म्हणजे भरीत आहे.

परत आलो तर मागच्या अंगणात तुरकाट्यांचा जाळ पेटलेला आणि त्यावर ती मोठी हिरवी पांढुरकी भरताची वांगी. गॅसवर भाजलेलं आणि काड्यांवर भाजलेलं यातला फरक मला त्या दिवशी कळला, धुराचा तो वास सालीतून आत गेलेला असतो. साल काढताना तुमची बोटं भाजत नव्हती, माझी भाजत होती. मग तुम्ही ती भरीत कुटायची लाकडाची बडगी आणलीत. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ आधी, मग वांगी, आणि मुसळी आईंच्या हातात दिलीत. त्यांनी नको नको केलं, हात दुखतो म्हणाल्या. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती बडगी त्यांच्यापुढे सरकवलीत आणि कांद्याची पात चिरायला बसलात. आईंनी एकदा मुसळी मारली, मग थांबल्या, मग बांगड्या मागे सारल्या. आणि मग असा ठेका धरला ना मावशी! डावा हात बडगीच्या कडेवर, दर चार घावांनी कडेचं मधे ओढायचं, मिरचीची बी दिसेनाशी झाली की थांबायचं, कुणी शिकवायची गरजच नव्हती. वरून तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, मन्ही मायनं हातनं. एवढंच. नवरा उठून नळावर तोंड धुवायला गेला, मला माहितीये तो कशाला गेला.

निघताना मी पैसे काढले तर तुम्ही हात मागे घेतलात. म्हणालात, मेसचे पैसे मेसच्या पोरांकडून, पाहुण्यांकडून नाही. खोलीचे तरी घ्या म्हटलं तर म्हणालात खोली पोरींची आहे, त्यांना काय द्यायचं ते द्या. (दिलंय, पोरींनो, चादरी आणि तो छोटा हीटर तुमच्यासाठी पाठवलाय, मिळाला का ते कळवा.) आणि स्टँडवर एसटी सुटताना खिडकीतून आईंचा हात धरून "येज्यात" म्हणालात.

आता घरची खबर. आई रोज दुपारी लेकीला अहिराणी शिकवतात. लेक शाळेत जाताना "जास हाऊ" म्हणते, बरोबर म्हणते की नाही ते तुम्हीच ठरवा. टीव्ही लागतो पण आई समोर नसतात, ओट्याशी असतात. परवा शेजारच्या बाईंना त्यांनी शेवभाजी दिली आणि त्या बाई म्हणाल्या ही कुठली हो, तर आई म्हणाल्या, आमची, खान्देशची. माझ्यासमोर म्हणाल्या, मोठ्याने.

वैशाखात एकादशीच्या आदल्या दिवशी आम्ही येतोय, चौघं. रथाला. त्या दिवशी गावात किती गर्दी असेल आणि तुमच्या घरी किती माणसं असतील मला कल्पना आहे, म्हणून आईंनी आधीच सांगून ठेवलंय की पोळ्या त्या लाटणार. बडगी इथे मिळाली नाही, तिथून एक घेऊन ठेवा. आणि आमची चार पानं वहीत नीट लिहा, पैसे या वेळी घ्यावेच लागतील, त्या पेन्सिलच्या खुणांपैकी जेवढ्या त्यात पुसल्या जातील तेवढ्या पुसा.

तुमची,
नाशिकची सून