तक्रार पत्र: दोष वातीत नाही, तुमच्या डेकमध्ये आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व उत्पादन विभाग

विषय: सिंगल कॉइल आरटीएच्या डेकमधील असमान ज्यूस चॅनल, त्यामुळे येणारे ड्राय हिट आणि गळती; डेक बदलून मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या आरटीएबद्दल, म्हणजे ई-सिगारेटच्या ज्या टँकमध्ये कॉइल आणि कापसाची वात स्वतः बसवायची असते त्याबद्दल, माझी तक्रार अशी: डेकच्या, म्हणजे कॉइल बसते त्या तळभागाच्या, दोन ज्यूस चॅनलपैकी (लिक्विड वातीपर्यंत नेणाऱ्या खाचांपैकी) एक अरुंद आहे; त्यामुळे ड्राय हिट, म्हणजे कोरड्या वातीचे करपट झुरके, येतात आणि लिक्विड गळते. यावर तुमच्याकडून आतापर्यंत आलेल्या उत्तरांचा गोषवारा असा: आधी सांगितले की कापूस जास्त होतोय, कमी करा. मग सांगितले की कापूस कमी पडतोय, चॅनल घट्ट भरा. दोन्ही करून झाल्याचे कळवले तेव्हा वॅट कमी करा असे उत्तर आले. एकूण सूर असा, की नाचता येईना म्हणून मी अंगण वाकडे म्हणतोय. म्हणून अंगण मोजून पाहिले. ते खरोखरच वाकडे आहे.

आधी सेटअप सांगतो, म्हणजे पुन्हा तेच प्रश्न यायला नकोत. कॅन्थल ए-1 या मिश्रधातूची 26 गेज तार, 3 मिमी आतील व्यास, सहा वेढे, रेझिस्टन्स साधारण 0.8 ओहम, पॉवर 18 वॅट. तुमच्या खोक्यावर यापेक्षा बरीच वरची मर्यादा छापलेली आहे. लिक्विड 70 टक्के व्हीजीचे (व्हेजिटेबल ग्लिसरीनचे), तेही खोक्यावर चालते म्हणून लिहिलेले. कापूस ऑर्गॅनिक. कॉइलमधून ओढताना किंचित अडतो, पण वेढे जागचे हलत नाहीत. टोके विंचरून विरळ केलेली, चॅनलच्या तळाला जेमतेम टेकणारी. टँक बसवण्याआधी वात लिक्विडने पूर्ण भिजवून घेतो.

एवढे सगळे केल्यावर पहिले एक-दोन झुरके छान येतात. लागोपाठ आणखी घेतले की घसा चरचरतो आणि करपलेल्या कागदासारखी चव तोंडात राहते. टँक उघडला की दर वेळी तेच चित्र: डावीकडची वात पांढरी, ओलीचिंब, उजवीकडची कॉइलमधून बाहेर पडते तिथेच तपकिरी, मधोमध काळी.

दोष नेमका कशात आहे हे एकेक गोष्ट बदलून तपासले. कापूस नवा घातला, तरी उजवी बाजूच करपली. कॉइल काढून उलटी बसवली, तरी उजवी. चिमणीची (कॉइलवर बसणाऱ्या नळीची) खाच चॅनलवर नीट येत नसेल म्हणून चिमणी अर्धा फेरा फिरवली, तरी उजवी. जी बाजू कशानेही बदलत नाही ती डेकचीच. शेवटी ड्रिल बिटची मागची गुळगुळीत दांडी घालून चॅनल मोजले. डावीकडे 2 मिमीची दांडी अलगद आत जाते, उजवीकडे 1.5 मिमीचीही अडते. त्या उजव्या चॅनलच्या तळाशी मशिनिंगचा धारदार कंगोरा राहून गेला आहे, नखाला लागतो. वात बाहेर काढली की कापसाचे चार तंतू तिथे अडकलेले असतात.

टँकच्या काचेतूनही हे दिसते. झुरका घेतल्यावर जेवढे लिक्विड वातीत उतरते, तेवढी हवा बुडबुड्याच्या रूपाने वर जायला हवी. इथे बुडबुडे येतात ते फक्त डावीकडून. ती हवा टँकमधला दाब सावरते, म्हणून टँक पूर्ण अडत नाही. पण अरुंद चॅनलमध्ये कापूस इतका आवळला जातो की तंतूंमधून लिक्विड सरकायला जागाच उरत नाही. त्यात व्हीजी सामान्य तापमानाला पीजीच्या (प्रोपिलीन ग्लायकॉल, लिक्विडमधला दुसरा घटक) वीसपटीहून अधिक घट्ट असते. पातळ लिक्विड कसेबसे निसटते, हे निसटत नाही.

मग पातळ लिक्विड वापरा, असे तुमचे पुढचे उत्तर येण्याआधीच सांगतो: व्हीजी-पीजी 50-50 वापरून पाहिले. उजवीकडचे करपणे कमी झाले, पण डावीकडच्या ऐसपैस चॅनलमधून लिक्विड थेट एअरफ्लोच्या भोकांत उतरले. उजवीकडे लिक्विड पोहोचावे म्हणून कापूस विरळ केला की डावीकडे गळते. डावीकडची गळती थांबवायला कापूस वाढवला की उजवीकडे ड्राय हिट. इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही बाजूंना वेगवेगळा कापूस भरणे हा काही उपाय नव्हे. दोन सारखे चॅनल असलेला डेक विकला आहे, तसाच तो असायला हवा.

वॅट कमी करण्याचा सल्ला तर मला अजिबात पटलेला नाही. 12 वॅटवर वाफच धड होत नाही, आणि लांब झुरका घेतला की करपट चव तिथेही येतेच. गोड लिक्विडमुळे कॉइलवर काळा थर बसला असेल, हेही तुमच्या उत्तरात होते. सुक्रालोजचा (लिक्विडमधल्या कृत्रिम गोडव्याचा) थर बसतो हे मान्य, पण तो वापरता वापरता बसतो. कोऱ्या तारेवर, कोऱ्या कापसात, पहिल्याच टँकला कसा बसेल?

हा प्रश्न नुसता चवीचा नाही. वात ओली असते तोवर उकळणारे लिक्विड कॉइलचे तापमान धरून ठेवते. पीजी 188 अंश सेल्सिअसला उकळते, शुद्ध व्हीजी 290 ला. वात कोरडी पडली की हा लगाम सुटतो, कापूस जळू लागतो, आणि अति तापलेल्या पीजी-व्हीजीमधून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असली द्रव्ये तयार होतात. कॅन्थलच्या तारेवर मॉडचे (वीज पुरवणाऱ्या बॅटरीच्या भागाचे) टेंपरेचर कंट्रोलही कामाला येत नाही, कारण ते रेझिस्टन्सच्या बदलावरून तापमान ओळखते आणि तापल्यावर या तारेचा रेझिस्टन्स जवळजवळ बदलत नाही. स्टीलची 316एल तार असती तर मॉडने निदान वेळीच हात आखडता घेतला असता. पण तुमच्या खोक्यात सोबत येतात त्या कॉइल कॅन्थलच्याच.

तुमच्या माहितीपत्रकात यावर एक ओळ नाही. उलट त्यातल्या चित्रात कापसाची टोके पेचकसाने चॅनलमध्ये दाबून बसवताना दाखवली आहेत. नवशिक्याने ते चित्र प्रमाण मानले तर त्याचा चांगला डेकसुद्धा कोरडा पडेल. चॅनलचे तोंड कापसाने झाकले जावे, कोंबले जाऊ नये, एवढे छापायला किती जागा लागते?

माझ्या मागण्या अशा. दोन्ही चॅनल मोजून तपासलेला नवा डेक तुमच्या खर्चाने पाठवावा. नुसत्या ओ-रिंग आणि कापसाचे पाकीट पाठवून माझी बोळवण करू नये. या बॅचचे उरलेले डेक विक्रीला जाण्याआधी तपासावेत. बॅच क्रमांक डेकच्या खाली कोरलेला आहे, त्याचा फोटो जोडला आहे. पत्रकातले चित्र बदलावे. डेक देणे शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

सोबत दोन्ही चॅनलचे दांडी घालून काढलेले फोटो, करपलेल्या वातीचा फोटो आणि खरेदीची पावती जोडत आहे. डेक परत हवा असेल तर पाठवण्याचा पत्ता कळवा. कंगोरा मी घासलेला नाही, तुमच्या तंत्रज्ञाला जसाच्या तसा पाहता येईल. यापुढचे उत्तर कृपया डेक हातात घेऊन मोजणाऱ्या माणसाकडून यावे.

आपला,
एक ग्राहक