संमतिपत्रातले 'वाहन'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी २२ वर्षे शिवणकाम करते. गेल्या हिवाळ्यापासून डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, सुईत दोरा ओवताना सारखे डोळे मिटावे लागतात. तपासणीत खालच्या पापणीत टीपकागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटे बसवले. ती १० मिलिमीटरच्या वर भिजायला हवी. माझी ४ वरच थांबली. डोळे कोरडे पडण्याचा आजार, 'ड्राय आय'.

पुढे नाशिकमधल्याच एका रुग्णालयात विचारले, नव्या थेंबांच्या चाचणीत भाग घ्याल का? मी तयार होते. कुणीतरी घालून पाहिल्याशिवाय औषध बाजारात येणार कसे? पण हाती आले ते इंग्रजी संमतिपत्र, चौदा पानी, आणि दाखवली ती फक्त सहीची जागा. मराठी प्रत मागितली, ती आठ दिवसांनी मिळाली. तीत होते : 'निम्म्या सहभागींना वाहन देण्यात येईल.' शेजारी बसलेल्या निफाडच्या आजींनी मला विचारले, "ताई, म्हणजे न्यायला गाडी येणार का?" हे हसण्यावारी नेऊ नये. आजी अंगठा द्यायच्या बेतात होत्या.

घरी भाच्याने उलगडून सांगितले. इंग्रजी 'व्हेइकल'चे शब्दशः भाषांतर केलेले हे वाहन म्हणजे तेच थेंब, पण औषध वगळून. कोरड्या डोळ्याला नुसत्या ओलाव्यानेही बरे वाटते. म्हणून औषधाचा गुण किती आणि ओलाव्याचा किती, हे अशा तुलनेशिवाय कळत नाही. कोणाच्या बाटलीत काय आहे, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसते. पद्धत रास्तच आहे. पण दोन वाक्यांत मराठीत सांगता येते, ते सांगत का नाहीत? मी सध्या घालते ते थेंब दोन आठवडे बंद ठेवायचे, हेही मला घरीच कळले. ऐन लग्नसराईत ते कसे जमणार?

रुग्णाला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती द्यायची, हे औषध चाचण्यांच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांतच आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते, हेही त्यात आहे. मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर डॉक्टर नसलेली एक सामान्य व्यक्ती असावीच लागते. माझी विनंती त्या व्यक्तीलाच आहे. मराठी प्रत आधी दोन-चार रुग्णांना मोठ्याने वाचून दाखवा, काय समजले ते त्यांच्या तोंडून ऐका, मगच मंजुरी द्या.

लग्नसराई उरकली की मी नाव देणार आहे. तोवर सुधारलेली प्रत आली, तर आधी निफाडच्या आजींना फोन करीन. त्यांचा नंबर घेऊन ठेवला आहे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक