डबा बदलला, गट बदलला का?

महोदय,

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, निफाड-दिंडोरीत केवड्याच्या, म्हणजे डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या फवारण्या सुरू होतात आणि 'रोगाला औषधाची सवय झाली' हे वाक्य कानावर येऊ लागते. सवय कोणत्याच बीजाणूला होत नाही. लाखोंमध्ये एखादा मुळातच वेगळा असतो. अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक रोगाच्या ज्या प्रथिनावर काम करते, त्यातील 143व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलानीन आले, की औषध तिथे नीट बसतच नाही. फवारणीत बाकीचे मरतात, हा उरतो आणि हवा दमट असली तर आठवडाभरात त्याची पुढची पिढी पानाखाली पांढरी दिसते. नैसर्गिक निवड म्हणतात ती हीच.

म्हणून नुसता डबा बदलून भागत नाही. अझॉक्सिस्ट्रोबिननंतर पायराक्लोस्ट्रोबिन मारणे म्हणजे तीच चाळणी पुन्हा लावणे, कारण दोन्ही फ्रॅकच्या, म्हणजे बुरशीनाशकांचे कामाच्या पद्धतीनुसार गट पाडणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, गट 11 मधली. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपामिडही एकाच गटातली, गट 40. मॅन्कोझेब मात्र पेशीत अनेक ठिकाणी मारा करते, एका बदलाने त्यातून सुटता येत नाही. जोडीला ते हवे, अर्थात काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतले ठरलेले दिवस, पाळून. बाग रोगाने भरल्यावर आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषले जाणारे, औषध मारणे सर्वांत घातक. बीजाणू जितके जास्त, तितकी त्यात वेगळा निघण्याची शक्यता जास्त.

कृषी सेवा केंद्रांनी प्रत्येक बिलावर औषधाचा गट क्रमांक लिहून द्यावा, ही कळकळीची विनंती.

— एक द्राक्ष सल्लागार, नाशिक