नव्याच्या लोंब्या

प्रिय सुमे,

काल नव्याची पुनव झाली, दाराला नव्या भाताची जुडी बांधायचा दिवस, आणि आपल्या वाडीत भाताची एक लोंबी मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, त्यात काय, चिपळूणच्या बाजारात जुडी मिळते. म्हणून तुलाच लिहितेय.

गुडघे आहेत तसेच, ह्यांची साखर आटोक्यात. झालं.

तर ऐक. खालच्या मळ्यात यंदा कुणीच नांगर घातला नाही. तुमचं पऱ्ह्याकडचं खाचर तर कधीचं पडीक आहे, रानमोडी माजलीय नुसती. भात लावला तो फक्त विठूदादाने, आणि तोही गरवा. गरव्याला साडेचार-पाच महिने लागतात, पुनवेला त्याचा दाणा अजून दुधातच. हळवा हवा गो, लवकर पिकणारा. कर्जत 3 नाहीतर रत्नागिरी 1चं बियाणं मृगात पेरलं की 110 ते 115 दिवसांत कापणीला येतं, दसऱ्या-पुनवेला लोंबी हातात. विठूदादाला म्हटलं, "एक वाफा तरी हळव्याचा करायचात." तर म्हणाला, "वयनी, सगळ्यात आधी एकट्याचंच पिकलं की वानर, डुकरं, पाखरं सगळी तिथंच उतरतात. पूर्वी अख्खी वाडी हळवा लावायची, तेव्हा त्यांचं खाणं वाटलं जायचं." ह्यावर मी काय बोलणार? खरंच आहे त्याचं.

बाकी सगळं जमवलं. नाचणीचं कणीस आबीच्या परसातलं, कुरडू शाळेमागच्या कातळावरचा, झेंडू दारचा. सुंभाचा पीळ उकलून आंब्याच्या पानांचे देठ त्यात खोवले, पीळ सोडला की देठ घट्ट बसतो, तुझ्या आईने शिकवलं होतं तसंच. कोवळं तांबूस पान घ्यायचं नाही, ते संध्याकाळपर्यंत मान टाकतं. जून, गर्द हिरवं पान वाळलं तरी आकार सोडत नाही. मग नव्याच्या जुड्या. आंब्याच्या पानावर नाचणी, कुरडू, झेंडू ठेवून केळीच्या सोपटाने बांधायला घेतलं आणि हात थांबला. जुडीला कणाच नव्हता. लोंबीच्या आधारानेच बाकीचं उभं राहतं, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं, कारण लोंबी नाही असं कधी झालंच नव्हतं.

(हो, कुरडू मध्ये की कडेला, हे आपलं भांडण मी अजून सोडलेलं नाही. कडेलाच. मध्ये घातला की लोंबी दिसत नाही. आणि पिवळीधमक लोंबी तोडायचा तुझा हट्टही चूकच होता. देठ जरा हिरवा असतानाच तोडायची, नाहीतर उंबऱ्यावर दाण्यांचा सडा आणि दाराशी चिमण्यांची पंगत. तुमच्या ओटीवर दरवर्षी तेच व्हायचं!)

सूनबाईने हौसेने तयार तोरण मागवलं होतं, प्लॅस्टिकच्या लोंब्यांचं. रंग हुबेहूब. पोरीने प्रेमाने आणलं, म्हणून मी ते माजघराच्या दाराला लावलं. पण पुढच्या दाराला नाही लावू शकले, सुमे. त्या लोंबीला चिमणी येणार नाही, ती वर्षाने मातीत जाणार नाही. शेतातलं पहिलं पीक घराच्या कपाळाला लागावं म्हणून हे बांधायचं ना? विहिरीला, गोठ्याला, तुळशीला, जात्याला, आणि आता नातवाच्या स्कूटरलासुद्धा. ते पीकच नसेल तर आपण बांधतो काय?

सासूबाईंना हल्ली नीट दिसत नाही. त्यांनी काठीने तोरण चाचपलं आणि विचारलं, "भात कुठाय गो?" मी म्हटलं, "नाही मिळाला." त्या काही बोलल्या नाहीत, ओटीवर बसून राहिल्या. खिरीला तांदूळ दुकानातलाच. रात्रभर मला त्यांचा तो प्रश्न सोडेना. मी बाजारची जुडी आणली असती तर त्यांना कळलंही नसतं, पण मला ते करायचं नव्हतं.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? राहुलच्या लग्नाचं कुठवर आलं? तो डोंबिवलीचा पाचवा मजला आता तरी सोड, इथे ये चार दिवस.

आता मुद्द्याचं. पऱ्ह्याकडचं तुमचं खाचर मला एका पावसाळ्यापुरतं दे. सगळं नको, खालचा चौकोन तेवढा, तिथे पाणी धरतं. विठूदादा शेजारच्या तुकड्यात हळवा लावायला तयार आहे, आबीही तयार आहे. तिघांचं एकदम पिकलं तर वानरांना एकाच घराचं लुटता येणार नाही. राखण आम्ही आळीपाळीने करू. तुझ्या दादाला तू विचार, माझ्याशी तो त्या वाटणीच्या वेळेपासून धड बोलत नाही. शिमग्याच्या आधी कळव, म्हणजे रानमोडी तोडून बांध घालून घेता येईल. बियाण्याचं मी बघते.

तुझी,
मंगल