तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा “बघू” म्हणाले असते आणि आईने “ह्यांना विचार” म्हणून विषय मिटवला असता, म्हणून लिहूनच कळवते. तुमची इंग्लंडची तिकिटं काढली आहेत. एप्रिलच्या मध्यात निघायचं, मे संपता संपता रावेरला परत. व्हिसा तर आलेलाच आहे.

बाबा, रागावू नका. मागच्या वेळी तुम्ही माझ्या बाळंतपणाला आलात ते ऐन डिसेंबरात. दुपारी चारला अंधार, बाहेर सतत रिपरिप. आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती आणि तुम्ही हीटरपाशी बसून खिडकीतून ओला रस्ता बघत होतात. तुमच्या मनात इथलं तेवढंच राहावं, हे मला बघवत नाही. आपल्याकडे पारा 45 वर जातो त्याच दिवसांत इथे स्वेटर घालून उन्हात बसावंसं वाटतं. मे महिन्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आणि जुने वाडे, त्यांच्या बागा, सगळं लोकांसाठी उघडतं. शनिवार-रविवारी घरंच्या घरं डबे घेऊन तिथे जातात. तुम्ही आम्हाला सातपुड्यात पालला न्यायचात, अगदी तसंच. चढावर मी दमले की तुम्ही खांद्यावर घ्यायचात आणि मी तुमच्या टोपीला धरून बसायचे. आता तुम्हाला न्यायची पाळी माझी आहे.

सगळ्यात आधी चॅट्सवर्थला जायचं. शेफिल्डहून गाडीने तासाच्या आतच. ड्यूक ऑफ डेव्हनशायरचं घर ते. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. बाबा, ओळखीचं वाटलं ना? तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1830 च्या सुमाराला केळीचं एक रोप मिळवलं, काचघरात ऊब देऊन वाढवलं, आणि 1835 च्या नोव्हेंबरात ते निसवलं, केळफूल बाहेर पडलं. मालकाच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं. आजोबांची बसराई, मग तुमची श्रीमंती आणि आताची टिश्यू कल्चरची जी-नाइन, सगळी त्याच कॅव्हेंडिश कुळातली. जन्मभर जिच्या बुडाशी राबलात तिचं नाव जिथे ठेवलं गेलं, ती जागा तुम्ही बघायला नको का? तिथे एक कारंजंही आहे, 1844 सालचं. मोटर नाही, वीज नाही. टेकडीवर तळं खोदून नुसत्या उताराच्या दाबावर पाणी उडवलं आहे. तुम्ही त्याच्यापुढून हलणार नाही, मला माहीत आहे. शेजारच्या कुरणात तेव्हा मेंढ्यांची नुकती जन्मलेली कोकरं बागडत असतात.

आईसाठी हार्डविक हॉल. बेस नावाच्या बाईने 1590 नंतर बांधला. चार लग्नं झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले, आणि म्हातारपणी हे घर उभं करून हिने बुरुजांवर स्वतःच्या नावाची अक्षरं दगडात कोरून बसवली! तिचा दुसरा नवरा कॅव्हेंडिशच. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले तेव्हा वारसा कर 80 टक्के बसला. त्यापायी घराण्याला हे घर सरकारला द्यावं लागलं, आणि 1959 पासून ते नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू जपणारी संस्था सांभाळते. वरच्या दालनांना लांबलचक दगडी जिना आहे. बाबांनी तो चढायचा नाही. खाली बाग आहे, बाक आहेत, चहा मिळतो.

बाबांची इच्छा असेल तर केडलस्टनलाही जाऊ. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचं घर. त्याने आपल्याकडून आणि आसपासच्या देशांतून नेलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. तुम्हाला संताप येईल. येऊ दे. मलाही येतो, आणि तो तुमच्या शेजारी उभं राहून बोलून टाकावासा वाटतो.

आपल्या केळीच्या बागेची काळजी कळते मला. ऐन कापणी, त्यात वादळाची धास्ती. पण काकांशी माझं सविस्तर बोलणं झालंय, विमाही उतरवलेला आहे. वादळ तुम्ही बांधावर उभे राहिलात म्हणून थांबतं का? आणि खरं सांगू, तुमचा गुडघा आज जेवढा चालतो तेवढा आणखी काही वर्षांनी चालेल का, या विचाराने मला झोप येत नाही. लागलं हे. पुसून टाकणार होते, पण राहू दे.

घरात तुमची खोली खालीच केली आहे, बाथरूम लागून. जिना चढायचा नाही. आई, कळण्याचं पीठ इथे मिळत नाही, तेवढं घेऊन ये, बाकी डाळ-तांदूळ-मसाले सगळं मिळतं. फिरायला जाताना भाकरी, ठेचा, दही बांधून घेऊ. गवतावर सतरंजी टाकून जेवलं तर कुणी वळूनही बघत नाही. चहासोबत स्कोन देतात, वर साय आणि जॅम. तुला अर्धाच. साखर मी रोज तपासणार.

आता ऐका. दोघांनीही पट्ट्याचे बूट घ्या, वाटा चिखलाच्या असतात. साडीवर बूट कसे दिसतील, हे आई अजिबात बोलणार नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. बाबांची कानटोपी. निघण्याआधी बी.पी., शुगर, ईसीजी करून रिपोर्ट मला पाठवा. लोणच्याच्या बरण्या नकोत. बरं, एकच छोटी आणा, नातीला हवी आहे.

रविवारी सकाळी फोन करते, तोवर डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा.

तुमची,
ताई