शिल्पांना ऑइल पेंट फासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुणी मोठे पाहुणे यायचे म्हटलं की आपल्याकडे आधी रंगारी बोलावतात, भिंती झाल्या, कठडे झाले की डब्यात उरलेला रंग आवारातल्या शिल्पांना. वडोदऱ्यातल्या एका जुन्या संस्थेत, नाव घेत नाही, बसलेल्या बाईच्या सिमेंटच्या शिल्पावर आता चकचकीत सोनेरी ऑइल पेंट आहे. करणाऱ्याने पदरावर खडी मुद्दाम उघडी ठेवली होती, गालावर थापीची खूण दिसायची, ते सगळं बुजलं आणि डोळ्यांच्या खाचेतून रंगाचे ओघळ हनुवटीपर्यंत येऊन सुकलेत. बघवत नाही हो.

सिमेंट म्हणजे हलका माल, त्याला रंग हवाच, असं लोकांना वाटतं. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात 1938 मध्ये ‘संथाळ कुटुंब’ केलं ते सिमेंट आणि तांबड्या जांभ्याच्या खडीतच, उघड्यावर, आणि तो खरखरीतपणा हेच त्याचं सौंदर्य. त्यांचे विद्यार्थी शंखो चौधुरी आपल्या वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत आले, 1950 ला तिथे फाइन आर्ट्स, म्हणजे चित्र-शिल्पकलेची शाखा, सुरू झाली तेव्हा शिल्पकला विभाग त्यांनीच उभा केला, नागजी पटेल, राघव कनेरिया हे शिल्पकार त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढे इथेच शिकलेल्या ध्रुव मिस्त्रींची शिल्पं इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिक्टोरिया स्क्वेअरमध्ये उभी आहेत. अशा गावात हे व्हावं याचंच जास्त वाईट वाटतं.

बरं, नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. वाळूचा दगड पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. वरून ऑइल पेंट बसला की ओल आतच अडकते, दगडातले क्षार पापुद्र्याखाली साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत रंगासकट दगडाचा वरचा थरच सुटून येतो. मग नाक-बोटं गेली ती गेलीच, ती परत बसवता येत नाहीत. ब्राँझचं वेगळं, त्यावर हवापाण्याने जो काळपट-हिरवट थर चढतो तो बऱ्याचदा धातूला सांभाळतो, तो घासून काढून वर पॉलिश मारलं की नुकसानच. कमाटीबागेपाशी सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, फ्रान्सिस डरवेंट वूडने केलेला, अख्खं गाव त्याला काळा घोडा म्हणतं, उद्या कुणी हौसेने तो सोनेरी केला तर चालेल का आपल्याला? लोखंडी शिल्पांना मात्र गंजापासून जपावं लागतं, पण तेही कुठलं आधी कसं होतं ते बघून.

माझी विनंती एवढीच की रंगरंगोटीच्या टेंडरमधून शिल्पं सरळ वगळा, आणि साफसफाई करायचीच असेल तर मऊ ब्रश आणि साधं पाणी, तेही फाइन आर्ट्सच्या शिल्पकला विभागातल्या कुणाला तरी आधी दाखवून. हा विभाग गावातच आहे, एक फोन करायचाय. त्या बाईच्या शिल्पावरचा रंग अजून नवा आहे, जाणकार माणसाकडून आत्ताच काढून घेतला तर खालचं बरंच वाचेल, पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा