‘नस’ म्हणजे नेमकी कोणती? चिकित्सा शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. लोकस्वास्थ्य व चिकित्सा शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

मी इंदुरात रामबागेत राहते. नर्सिंगच्या मुलींना शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. आता निवृत्त आहे, पण संध्याकाळी दोन-तीन मुली वह्या घेऊन येतात. हेच म्हणणं हिंदीत आपल्या कार्यालयाला पाठवलं आहे. मराठीत लिहिते ते इथल्या मराठी घरांसाठी, कारण आमच्या कितीतरी लेकीसुना याच पेशात आहेत.

गेल्या महिन्यात जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून कुल्ल्यावरच्या इंजेक्शनचा व्हिडिओ बघत होती. मूळ व्हिडिओ इंग्रजी, वर यंत्राने चढवलेला हिंदी आवाज. चित्र उत्तम होतं. कुल्ल्याचे चार भाग पाडलेले, सुई वरच्या बाहेरच्या भागात, आणि खाली मांडीकडे उतरणारी पिवळीजर्द सायटिक नर्व्ह, म्हणजे पायाचा मोठा मज्जातंतू. आवाज म्हणाला, “इस नस से बचें.” मी विचारलं, का गं टाळायची? ती म्हणाली, “काकू, रक्त येईल म्हणून.”

चूक तिची नव्हती. बोलण्यात रक्तवाहिनीही नस, पायात गोळा आला की ‘नस चढ़ गई’, आणि नर्व्हही नसच. आपली ‘शीर’ तरी कुठे वेगळी आहे? पण सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह. तिला सुई लागली तर रक्ताचा प्रश्नच नसतो. पेशंटला पाऊल वर उचलता येत नाही, चालताना ते लोंबतं, आणि काहींचं कायमचं तसंच राहतं. मी तिला उभं केलं. मांडीच्या हाडाचा बाजूचा उंचवटा आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक तिचं तिलाच बोटांनी चाचपायला लावलं. दहा मिनिटांत तिला सुरक्षित जागा सापडली. त्या व्हिडिओत हे कुठेच नव्हतं.

व्हिडिओंवर माझा राग नाही. वर्षानुवर्षं मी लाल-निळ्या खडूने हृदय काढत आले आणि मुली ‘चार कप्पे’ घोकत आल्या. आज पडद्यावर झडपा मिटताना दिसतात आणि लब-डब आवाज त्या मिटण्याचा आहे हे एका झटक्यात कळतं. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड का, तर त्याला रक्त अंगभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त फुप्फुसांपर्यंत. हे माझ्या खडूला कधी इतकं जमलं नाही.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आली, त्यात शरीररचना आणि शरीरक्रिया दोन्ही होत्या. त्यांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या, हे मला फार पटलं. नर्व्हला नर्व्हच म्हणायचं, समजवायचं मात्र हिंदीत. मग हाच न्याय नर्सिंगच्या मुलींना व्हिडिओंमधून का मिळू नये? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले शिक्षक आहेत, विच्छेदन कक्ष आहेत. तिथेच हे व्हिडिओ करून घ्या आणि सर्वांना मोफत द्या. रंगवलेल्या चित्रात रोहिणी लाल, नीला निळी, नर्व्ह पिवळी. जतन केलेल्या देहात सगळंच मळकट, तपकिरी. तिथे कोण कोण आहे हे बोटाने दाखवणारा माणूस लागतो.

आणि व्हिडिओ आले म्हणून प्रत्यक्ष दाखवणं बंद होऊ नये. मी काही काळ एका खाजगी संस्थेत शिकवलं, तिथला सांगाडा काचेच्या कपाटात कुलपात असायचा, तपासणीच्या दिवशी तेवढा बाहेर यायचा. उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी झाली, तेव्हा मला ते कुलूप आठवलं. पहिल्या वर्षात निदान काही दिवस तरी या मुलींना सरकारी महाविद्यालयाच्या शरीररचना संग्रहालयात नेण्याची सक्ती करा. हाड हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही.

माझ्या सासूबाईंनी देहदान केलं. फॉर्म भरताना म्हणाल्या होत्या, “पोरांच्या उपयोगी पडू दे.” त्या पोरांमध्ये नर्सिंगच्या मुली नव्हत्या, त्यांना त्या खोलीत कुणी नेत नाही. देहदानाच्या फॉर्मवर चित्रीकरणाच्या संमतीचा वेगळा रकाना ठेवा, चेहरा झाकलेला असू द्या. पुष्कळ लोक होकार देतील, आमच्या सासूबाईंनी नक्की दिला असता.

व्हिडिओंची संहिता लिहिताना एखादी तरी जुनी नर्सिंग शिक्षिका समोर बसवा, मुली कुठल्या शब्दाला अडखळतात ते तिला ठाऊक असतं. मला बोलावलंत तर मी येईन, मानधन नको.

आपली नम्र,
एक निवृत्त नर्सिंग शिक्षिका
रामबाग, इंदूर